पंधराच्या बारा फेऱ्या कशा झाल्या?

टीव्हीवर मुष्टियुद्धाची मोठी लढत लागली की घरात लगेच दोन तट पडतात. पोरे खाटेच्या कडेला सरसावून बसतात आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "बंद करा ते! माणसे एकमेकांना मारतात आणि तुम्ही टाळ्या कसल्या वाजवता?" खरे पाहिले तर दोघांचेही बरोबर असते. हा खेळ हिमतीचा आहे, मेहनतीचा आहे, आणि यात माणूस मरू शकतो हेही तितकेच खरे आहे.

वाचकहो, एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. पुरुषांच्या व्यावसायिक विश्वविजेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची असते. पण घरातल्या जुन्या शौकिनांना विचारा. ते सांगतील की महंमद अली आणि जो फ्रेझर लढले तेव्हा लढत पंधरा फेऱ्यांची होती. मग मधल्या काळात तीन फेऱ्या गेल्या कुठे? त्या कोणी कमी केल्या आणि का?

तीन फेऱ्या म्हणजे नऊ मिनिटांचा मार. या नऊ मिनिटांमागे एका गरीब घरातल्या तरुणाचा मृत्यू आहे. आणि खेळाच्या नियमांत बदल कसे होतात, कधी होतात आणि त्यातून नेमके काय साधते, याचा मोठा धडाही आहे.

उभे राहवेल तोवर लढा

पूर्वी फेऱ्यांना मोजमापच नव्हते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये उघड्या मुठींनी लढती होत. फेरी मिनिटांवर चालत नसे. एकजण खाली पडला की फेरी संपली. अर्ध्या मिनिटात त्याने उठून पुन्हा रेषेवर यायचे. ज्याला येता आले नाही तो हरला. १७४३ साली जॅक ब्रॉटन या नामांकित लढवय्याने पहिले लेखी नियम तयार केले. त्याच्या हातून मार खाल्लेला एक प्रतिस्पर्धी दगावला होता आणि त्याचे शल्य ब्रॉटनच्या मनात होते, असे सांगतात. म्हणजे या खेळाचा पहिला नियमच एका मृत्यूनंतर लिहिला गेला.

१८६७ साली क्वीन्सबरी नियम आले. नाव एका सरदाराचे लागले, पण ते लिहिले जॉन ग्रॅहम चेंबर्स याने. हातात मोजे, तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, खाली पडलेल्याला उठायला दहा सेकंद, या आजच्या गोष्टी तिथून सुरू झाल्या. तरी जुनी तऱ्हा लगेच गेली नाही. १८८९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जॉन सुलिव्हन आणि जेक किल्रेन उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढले. दोन तासांहून अधिक वेळ, तोही भर उन्हाळ्यात.

मोजे आले तरी एकूण फेऱ्या किती, हा प्रश्न तसाच राहिला. १८९३ साली न्यू ऑर्लिन्स शहरात अँडी बोवेन आणि जॅक बर्क यांची लढत ११० फेऱ्या चालली. सात तासांच्या वर! गिरणीतली एक पाळी भरत आली असती. शेवटी दोघांनाही पुढे लढवेना आणि निकाल लागलाच नाही.

याच काळातला एक बॉक्सर आपल्या लक्षात राहावा असा आहे. त्याचे नाव जो गॅन्स. बाल्टिमोर शहरातला हा कृष्णवर्णीय माणूस १९०२ साली लाइटवेट गटाचा विश्वविजेता झाला. १९०६ साली नेवाडा राज्यातल्या गोल्डफील्ड या खाणगावात त्याची लढत बॅटलिंग नेल्सन या गोऱ्या बॉक्सरशी ठरली. विजेता गॅन्स होता, पण अटी नेल्सनच्या बाजूने घातल्या. त्याच दिवशी गॅन्सला पुन्हा पुन्हा वजनकाट्यावर उभे केले आणि बुटांसकट वजन मोजले. मानधनही नेल्सनला जास्त. गॅन्सच्या वाट्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास रक्कम आली. वाळवंटातल्या उन्हात ४२ फेऱ्या झाल्या. नेल्सनने कमरेखाली ठोसा मारला म्हणून लढत थांबली आणि गॅन्स जिंकला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९१० साली, तो क्षयाने गेला.

वजनाची ती अट इथेच ध्यानात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

पंधराचा आकडा

१९२० साली न्यूयॉर्क राज्याने वॉकर कायदा केला. लढत जास्तीत जास्त पंधरा फेऱ्यांची, दोघेही उभे राहिले तर गुण मोजून निकाल, बॉक्सरला परवाना बंधनकारक, असे नियम त्यात होते. न्यूयॉर्क हे या खेळाच्या पैशाचे केंद्र. तिथला नियम हळूहळू जगाचा रिवाज झाला आणि विश्वविजेतेपद म्हणजे पंधरा फेऱ्या हे समीकरण साठ वर्षांच्या आसपास टिकले.

शेवटच्या तीन फेऱ्यांना तेव्हा विशेष मान होता. शौकीन म्हणत, बारा फेऱ्या कोणीही चांगला बॉक्सर लढेल, खरा विजेता कळतो तो तेराव्या, चौदाव्या, पंधराव्या फेरीत. तशी उदाहरणेही घडली. १९४१ साली बिली कॉन हा जो लुईवर गुणांनी पुढे होता. तेराव्या फेरीत लुईने त्याला लोळवले. १९५२ साली रॉकी मार्सियानो मागे पडला होता. त्यानेही तेराव्या फेरीतच जर्सी जो वॉलकॉटला पाडून विजेतेपद घेतले. १९८१ साली शुगर रे लेनर्ड गुणांनी मागे असताना चौदाव्या फेरीत टॉमी हर्न्सविरुद्ध जिंकला. या लढती बारा फेऱ्यांच्या असत्या तर इतिहासात वेगळी नावे लागली असती.

पंधरा फेऱ्यांच्या बाजूने बोलणारे आजही हेच दाखले देतात. ते खोटे नाहीत. पण त्याच फेऱ्यांमध्ये दुसरेही काही घडत होते.

लास व्हेगासची ती दुपार

तारीख १३ नोव्हेंबर १९८२, वार शनिवार. लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस हॉटेलच्या आवारात उघड्यावर रिंगण बांधले होते. लढत डब्ल्यूबीए या संघटनेच्या लाइटवेट विजेतेपदाची. अमेरिकेत ती टीव्हीवर थेट दाखवली जात होती.

एका बाजूला विजेता रे मॅन्सिनी, वय २१. ओहायो राज्यातल्या यंगस्टाऊन या पोलाद कारखान्यांच्या गावचा. त्याचे वडीलही बॉक्सर होते, पण दुसऱ्या महायुद्धात जखमी झाले आणि त्यांचे विजेतेपदाचे स्वप्न अपुरे राहिले. ते स्वप्न मुलाने पुरे केले होते.

दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरियाचा किम दुक-कू. गांगवॉन प्रांतातल्या गरीब घरात जन्मलेला. तो दोन वर्षांचा असताना वडील वारले. आईने अनेक हाल सोसून पोर वाढवले. त्याने बूट पॉलिश केले, पडेल ती कामे केली आणि मग बॉक्सिंगच्या व्यायामशाळेची पायरी चढला. पैसा आणि मान मिळवायला त्याच्याकडे आपल्या दोन मुठींशिवाय दुसरे साधन नव्हते. लग्न ठरलेले होते आणि त्याची वाग्दत्त वधू गरोदर होती.

अमेरिकेत त्याची ही पहिलीच लढत. वजनाची मर्यादा १३५ पौंड, म्हणजे सुमारे ६१ किलो. तिथवर खाली यायला त्याला फार कष्ट पडले. शेवटच्या दिवसांत त्याने अंगातले बरेच वजन झपाट्याने उतरवले. हॉटेलच्या खोलीत दिव्याच्या झाकणावर त्याने कोरियन भाषेत जगेन किंवा मरेन अशा अर्थाचे शब्द लिहिले होते. त्याचे इंग्रजी भाषांतर मात्र मारेन किंवा मरेन असे पसरले आणि तो खुनशी असल्याचा समज झाला.

लढत सुरू झाली आणि पाहणारे थक्क झाले. दोघेही मागे हटेनात. मॅन्सिनीचा कान फाटला, डोळा सुजून मिटत आला, डावा हात सुजला. पण फेऱ्या वाढत गेल्या तसा किम थकत गेला. अकराव्या फेरीत त्याचे गुडघे लटपटले. तेराव्या फेरीच्या सुरुवातीला मॅन्सिनीने ठोशांचा मारा केला. तो खाऊनही किम उभा राहिला आणि उलट ठोसे मारू लागला.

चौदावी फेरी सुरू झाली आणि मॅन्सिनीचा उजवा ठोसा बसला. किम मागे फेकला गेला, त्याचे डोके रिंगणाच्या तळावर आपटले. त्याही स्थितीत तो दोरीला धरून उठला. रेफरी रिचर्ड ग्रीन यांनी त्याच्याकडे पाहिले आणि लढत थांबवली. फेरी सुरू होऊन १९ सेकंद झाले होते. काही मिनिटांत किम बेशुद्ध पडला. त्याला स्ट्रेचरवरून रुग्णालयात नेले. कवटी उघडून मेंदूवर साकळलेले रक्त काढले, पण तो शुद्धीवर आला नाही. आई कोरियाहून धावत आली. पाच दिवसांच्या आत सारे संपले. यंत्रे बंद करायला संमती त्या माऊलीला द्यावी लागली.

मागे राहिलेली माणसे

दुर्दैव एवढ्यावर थांबले नाही. काही महिन्यांत किमच्या आईने आपले जीवन संपवले. जुलै १९८३ मध्ये रेफरी ग्रीन यांनीही तोच मार्ग धरला. त्यांच्या मनात काय होते हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही, पण लोकांनी त्याचा संबंध या लढतीशी जोडला. त्याच महिन्यात कोरियात किमच्या मुलाचा जन्म झाला. बापाने त्याला पाहिले नाही आणि त्याने बापाला.

मॅन्सिनीने नियमाबाहेर काहीच केले नव्हते. तरी तो पूर्वीचा राहिला नाही. अंत्यविधीसाठी तो कोरियाला गेला. रस्त्यात लोक त्याला विचारत, माणूस मारल्यावर कसे वाटते? १९८४ साली त्याचे विजेतेपद गेले. पुढे २०११ साली किमची वाग्दत्त वधू आणि मुलगा अमेरिकेत त्याच्या घरी येऊन त्याला भेटले. मुलगा दातांचा डॉक्टर होण्याच्या वाटेवर होता. आपण लहानपणी तुमचा राग केला, पण दोष तुमचा नाही, अशा अर्थाचे तो बोलला. जवळजवळ तीस वर्षांनी मॅन्सिनीच्या छातीवरचा दगड थोडा हलला.

निर्णय झाला, पण कोणाचा?

ही लढत लक्षावधी लोकांनी घरात बसून पाहिली होती. अमेरिकेच्या संसदेपर्यंत चर्चा गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डब्ल्यूबीसी या संघटनेने आपल्या वार्षिक अधिवेशनात जाहीर केले की १९८३ पासून तिच्या विजेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या होतील. थकलेल्या बॉक्सरला सर्वांत मोठा धोका शेवटच्या तीन फेऱ्यांत असतो, असा तिचा युक्तिवाद होता.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. किम ज्या पट्ट्यासाठी लढला तो डब्ल्यूबीएचा. नियम बदलला तो डब्ल्यूबीसीने. दोन्ही वेगळ्या संघटना, एकमेकींच्या स्पर्धक. जिच्या लढतीत माणूस गेला ती डब्ल्यूबीए आणि नंतर निघालेली आयबीएफ यांनी पंधरा फेऱ्या चालूच ठेवल्या. त्यांच्या बारा व्हायला १९८७-८८ साल उजाडले.

फेऱ्यांशिवाय इतरही बदल झाले. पूर्वी लढतीआधीची तपासणी म्हणजे रक्तदाब पाहणे आणि छातीला नळी लावणे, एवढीच असे. आता हृदयाचा आलेख, मेंदूची आणि फुप्फुसांची तपासणी सुरू झाली. नेवाडा राज्याने बॉक्सर उभा असला तरी गांगरलेला दिसला तर रेफरीने आठपर्यंत मोजावे, बेशुद्ध होऊन हरलेल्याला काही आठवडे लढू देऊ नये, असे नियम आणले. हे बदल टाळ्या मिळवणारे नव्हते, पण कदाचित तीन फेऱ्यांच्या कपातीहून मोलाचे होते.

टीव्हीचे गणित

जुने शौकीन दुसरेच कारण सांगतात. ते म्हणतात, हे सारे टीव्हीसाठी झाले. त्यांचे गणित सोपे आहे. पंधरा फेऱ्यांची ४५ मिनिटे, मधल्या चौदा विश्रांतींची १४ मिनिटे, एकूण ५९. बॉक्सरांची ओळख, राष्ट्रगीत, जाहिराती आणि निकाल धरले तर एका तासात बसत नाही. बारा फेऱ्यांची ३६ आणि विश्रांतीची ११ मिळून ४७ मिनिटे. तासाभराच्या कार्यक्रमात चपखल बसते.

या गणितात तथ्य आहे. पण त्यावरून दया हे नुसते ढोंग होते असे ठरत नाही. अनुभव असा की कष्टकऱ्याच्या जिवाचे हित आणि मालकाच्या गल्ल्याचे हित एका दिशेला आले की नियम चटकन बदलतो. दोन्ही विरुद्ध दिशांना असले की तोच नियम वर्षानुवर्षे अडकून पडतो. बारा फेऱ्यांच्या बाबतीत दोन्ही एका दिशेला आले.

बॉक्सरही फेऱ्यांचे मोल ओळखून होते. १९८७ साली लेनर्ड दीर्घ विश्रांतीनंतर मार्विन हॅगलरशी लढायला आला. त्याने करारातच बारा फेऱ्या मागून घेतल्या. तो गुणांवर निसटता जिंकला. पंधरा फेऱ्या असत्या तर कोण जिंकला असता, यावर वाद आजही मिटलेला नाही.

मग मृत्यू थांबले का?

नाही. हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

१ सप्टेंबर १९८३ रोजी, म्हणजे नवा नियम लागू झाल्यावर अवघ्या आठ महिन्यांनी, लॉस एंजेलिसमध्ये अल्बर्टो डाव्हिला आणि मेक्सिकोचा किको बेहिनेस यांची डब्ल्यूबीसी विजेतेपदाची लढत झाली. नव्या नियमाप्रमाणे बारा फेऱ्यांची. बाराव्या फेरीत बेहिनेस कोसळला आणि तीन दिवसांनी वारला. मागचा इतिहासही तेच सांगतो. १९६२ साली बेनी पॅरेट बाराव्या फेरीत कोसळून गेला. १९६३ साली डेव्ही मूर दहा फेऱ्यांनंतर गेला. १९८० साली वेल्सचा जॉनी ओवेन बाराव्या फेरीत पडला तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही. या तिघांच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या ठरल्या होत्या, पण तेराव्या फेरीपर्यंत ते पोचलेच नाहीत.

असे का होते? आपला मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. त्याच्यात आणि वरच्या जाड आवरणात बारीक शिरा असतात. ठोशाने डोके गर्रकन फिरले की मेंदू आत हिसडतो आणि एखादी शीर तुटते. रक्त हळूहळू साठते आणि मेंदूवर दाब येतो. बाहेर जखम दिसत नाही. माणूस कधी कधी चालतो, बोलतो, हात उंचावतो आणि थोड्या वेळाने कोसळतो. किमच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे मत होते की रक्तस्राव ताजा होता, अखेरच्या एखाद्या जबर ठोशाने झालेला.

मग फेऱ्या कमी करण्याला अर्थ नाही का? अर्थ आहे. थकलेल्या माणसाची मान सैल पडते, हात खाली येतात, ठोसा येताना दिसला तरी चुकवता येत नाही. फेऱ्या कमी म्हणजे ठोसे कमी आणि वर्षानुवर्षे साठत जाणारा मारही कमी. पण तुटलेल्या शिरेला फेरीचा आकडा कळत नाही. तिला कळते ती उपचाराला लागलेली वेळ.

डॉक्टर किती पावलांवर?

हा मुद्दा लंडनच्या एका बॉक्सरने न्यायालयात सिद्ध केला. २१ सप्टेंबर १९९१ रोजी मायकेल वॉटसन हा ख्रिस युबँकशी लढला. बाराव्या फेरीत लढत थांबली आणि तो कोसळला. रिंगणापाशी त्याचा श्वास सांभाळणारी योग्य व्यवस्था नव्हती. आधी त्याला ज्या रुग्णालयात नेले तिथे मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती, म्हणून पुन्हा दुसरीकडे हलवले. मोलाचा वेळ गेला. तो चाळीस दिवस बेशुद्ध होता, मेंदूवर सहा शस्त्रक्रिया झाल्या. तो वाचला, पण अपंग होऊन.

वॉटसनने ब्रिटनच्या बॉक्सिंग मंडळावर दावा लावला. १९९९ साली निकाल त्याच्या बाजूने लागला आणि २००० साली वरच्या न्यायालयानेही तो कायम केला. सुरक्षेचे नियम ज्याने आपल्या हाती घेतले आहेत, त्याच्यावर बॉक्सरच्या जिवाची जबाबदारी येते, हे न्यायालयाने मान्य केले. तू स्वखुशीने रिंगणात उतरलास, आता तुझे तू बघ, असे म्हणून मंडळाला हात झटकता आले नाहीत. २००३ साली हाच वॉटसन लंडन मॅरेथॉनचे अंतर सहा दिवस चालत चालत पुरे करून आला. त्याच्या पावलांपेक्षा त्याच्या खटल्याने जास्त बॉक्सरांचे प्राण वाचवले असतील.

दुसरी गोष्ट वजनाची. गॅन्सपासून किमपर्यंत तीच कथा. पाणी तोडून, घाम गाळून वजन उतरवलेला माणूस आधीच अर्धा थकलेला असतो. तशा शरीराला बारा फेऱ्याही पुष्कळ होतात.

तिसरी गोष्ट कोपऱ्यातल्या माणसाची. १९७५ साली मनिला येथे अली आणि फ्रेझर चौदा फेऱ्या लढले. फ्रेझरला दिसत नव्हते, तरी तो पंधराव्या फेरीसाठी उठू पाहत होता. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला खाली बसवले आणि हार पत्करली. विजेतेपद हातचे गेले, पण माणूस घरी गेला. फ्रेझर पुढे २०११ पर्यंत जगला.

वाद अजून मिटलेला नाही

महिलांच्या विश्वविजेतेपदाच्या लढती साधारणपणे दहा फेऱ्यांच्या, आणि फेरी दोन मिनिटांची. अनेक महिला बॉक्सर म्हणतात, आम्हालाही पुरुषांसारख्या तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या द्या, म्हणजे मोबदलाही तसाच मागता येईल. २०२३ साली अमांडा सेरानो हिने तशी लढत खेळून दाखवली. डब्ल्यूबीसीचा मात्र आरोग्याच्या कारणावरून विरोध राहिला. एकीकडे बरोबरीचा हक्क, दुसरीकडे मेंदूचा धोका. सोपे उत्तर नाही. पण ठरवताना त्या मुलींना विचारले पाहिजे, एवढे नक्की.

आणि २ ऑगस्ट २०२५ ची गोष्ट पाहा. टोकियोच्या कोराकुएन सभागृहात एकाच दिवशी, एकाच कार्यक्रमात लढलेले दोन जपानी बॉक्सर, शिगेतोशी कोतारी आणि हिरोमासा उराकावा, मेंदूतल्या रक्तस्रावाने पुढे एका दिवसाच्या अंतराने गेले. दोघेही २८ वर्षांचे. कोतारी ओरिएंटल अँड पॅसिफिक संघटनेच्या विजेतेपदासाठी बाराही फेऱ्या लढला होता आणि लढत बरोबरीत सुटली होती. त्यानंतर जपानच्या मंडळाने जाहीर केले की त्या विजेतेपदाच्या लढती यापुढे बाराऐवजी दहा फेऱ्यांच्या होतील. किमनंतर त्रेचाळीस वर्षांनी पुन्हा तोच क्रम: आधी मृत्यू, मग नियम.

घरात कोणी मोजे घातले असतील तर

आपल्या वस्तीतल्या ज्या मुलामुलींना बॉक्सिंगची गोडी लागली आहे, त्यांच्या आईवडिलांनी घाबरून जाऊ नये. हौशी बॉक्सिंग वेगळे आहे. ऑलिंपिकमध्ये लढत तीन फेऱ्यांची, फेरी तीन मिनिटांची. २०१२ साली मेरी कोमने लंडनला पदक मिळवले तेव्हा महिलांना दोन मिनिटांच्या चार फेऱ्या होत्या. आता मुलगे-मुली दोघांनाही तीनच फेऱ्या. तरी डोके तेच आणि शिराही त्याच.

म्हणून मुलांना व्यायामशाळेत घालताना काही प्रश्न न लाजता विचारावेत. सरावाला जाणता प्रशिक्षक हजर असतो का? स्पर्धेच्या दिवशी डॉक्टर आणि रुग्णवाहिका असते का? वजन उतरवायला मुलांना उपाशी, तहानलेले ठेवतात का? डोक्याला मार बसल्यावर किती दिवस विश्रांती देतात? शिरस्त्राणाने भुवई फुटायची वाचते, पण आतला मेंदू हिसडायचा थांबत नाही, हेही मुलांना समजावून सांगावे.

मार बसल्यानंतर डोके सतत दुखू लागले, उलटी झाली, बोलणे अडखळले, झोप आवरेना, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली किंवा पोरगे भलतेच बोलू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. बाम चोळून झोपवू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात न्या आणि डोक्याला मार बसला आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. बरे वाटू लागले तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत मोजे खुंटीवर राहू द्या.

पोरांना लढायला जरूर शिकवावे. पण प्रशिक्षकाने पुरे म्हटले की खाली बसायचे, त्यात लाज नाही, हे पहिल्याच दिवशी त्यांच्या कानावर घालावे. किम दुक-कूच्या कोपऱ्यातून तो शब्द वेळेवर आला नाही.